झाग काढायचा चमचा

मी दात घासत परसात गेले तेव्हा नाना कठड्याशी पाठमोरे उभे होते. एका हातात चमचा, आणि समोर लॅबला द्यायची लघवीची डबी, झाकण काढलेली. डोळे बारीक करून, अगदी हलक्या हातानं ते डबीतून वरच्यावर काहीतरी उचलत होते आणि मोरीत झटकत होते.

"नाना, काय करायलात?"

ते दचकले, पण चमचा हलला नाही. आयुष्यभर मटणाच्या मोठाल्या देगेवर उभा राहिलेला हात, तो असा तसा हलत नसतो.

"झाग काढायलो," ते म्हणाले.

"ह्याच्यातला?"

"मग काय तुझ्या टूथपेस्टचा?"

मी तोंडातला फेस थुंकला आणि जवळ गेले. डबीत वर पांढरा थर होता, बारीक बारीक बुडबुड्यांचा, कपडे भिजवल्यावर बादलीत येतो तसा. नाना काढत होते तरी थोडा उरतच होता.

"चमचा कोणता घेतला?" मी घाबरत विचारलं.

"आइस्क्रीमचा हाय. प्लास्टिकचा. फेकून देतो मग." ते माझ्याकडं वळले आणि एकदम गंभीर झाले. "लोकांच्या हातात द्यायची चीज हाय, बेटा. वर झाग तरंगतोय अशी चीज चांदपाशानं आजवर कुणाला दिली नाय."

इथं नानांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर ते तुम्हाला वेडे वाटतील. चांदपाशा बावर्ची म्हणजे माझ्या अम्मीचे अब्बा. अब्बू पुण्यात कंपनीत असतात, म्हणून मी आणि अम्मी शहागंजात नानांकडंच राहतो. लग्नाची दावत असली की नान-खलियातल्या मटणरश्श्याची देग नानांच्या हातची, पार खुलताबादपर्यंत. देगेत मटण पडलं की पहिल्या उकळीला करडा, मळकट फेस वर येतो. नाना त्याला झाग म्हणतात आणि झाग म्हणजे मैल. झाऱ्यानं तो सगळा निघेपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत, फोन उचलत नाहीत, एकदा तर खुद्द नवरदेवाचा सलाम घेतला नव्हता. माझ्या वासिफ मामूला त्यांनी मसाल्याच्या आधी झाग काढायला शिकवलं. कितीतरी दिवस मामू फक्त झागच काढत होता म्हणे.

"दर वेळी काढता?" मी विचारलं.

"दर वेळी."

"पण मॅडमनी विचारलं होतं तुम्हाला, लघवीला फेस येतो का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात."

"दिलेल्या मालात नव्हताच की." त्यांनी डबीचं झाकण लावलं, उजेडात धरून पाहिली, समाधान झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ लाइबा, हे डॉक्टरबाईला सांगू नको."

"का?"

"बाईमाणसासमोर असली बात करतात का? अन् तिला वाटंल, ह्याचा मालच मैला हाय."

आता मॅडमबद्दल. उन्हाळ्यात लग्नसराईत नानांची पाठ धरली. देगेचं वजन, भट्टीची आच, वय, पाठ दुखणारच असं सगळे म्हणाले. नाना मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायचे आणि चहाबरोबर घ्यायचे, बिस्किट घ्यावं तशा. मग त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. जिना चढला की बसायला लागायचं. दुसऱ्याच्या ताटाकडं लांबून बघून मीठ कमी का जास्त सांगणारा माणूस, त्याला चवच लागेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हाला क्रांती चौकाजवळ डॉ. मनस्विनी पाटणकरांकडं पाठवलं. त्या किडनीच्या डॉक्टर. चष्मा कायम डोक्यावर आणि बोलणं माझ्यासारखं, श्वास न घेता.

रक्तात क्रिएटिनिन म्हणून एक कचरा असतो. किडनी नीट गाळत नसली की तो साचत जातो. नानांचा बराच साचला होता. शुगर नव्हती, बीपी नव्हतं, सोनोग्राफी ठीक, आणि लघवीत पट्टी बुडवून बघतात त्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. मॅडम म्हणाल्या, ह्या गोळ्यांचाच प्रताप दिसतोय, बंद करा, उतरेल. गोळ्या बंद झाल्या. पण पुढच्या वेळी क्रिएटिनिन आणखी चढलं होतं.

"चाचा," मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "नुसत्या गोळ्या असत्या तर एव्हाना उतरलं असतं. कारण कळल्याशिवाय औषध कशावर देऊ? सुईनं किडनीचा अगदी बारीक तुकडा काढून बघू. असंच चढत राहिलं तर डायलिसिसवर जावं लागेल."

"मी आयुष्यभर मटणाच्या बोट्या केल्या," नाना म्हणाले होते. "आता माझीच बोटी करायची? नक्को."

नक्को म्हणजे नक्को. अम्मी रडली, मामू चिडला, अब्बूंनी पुण्याहून फोन केला. नाना फक्त एवढ्यावर कबूल झाले की रक्त आणि लघवी अजून एकदा तपासून बघू. ती ही डबी.

आणि ती देताना त्यांनी चमचा चालवला होता.

मला वैद्यक काही कळत नव्हतं. पण एवढं कळलं की मॅडमनी एक सरळ प्रश्न विचारला होता आणि त्यांना चुकीचं उत्तर गेलं होतं. गणितात आकडाच चुकीचा उतरवून घेतला तर पुढं कितीही सुंदर सोडवा, उत्तर कसं येणार?

आधीची मी असते तर गप्प बसले असते. वर्गात हजेरीला "हजर" म्हणताना माझा आवाज बाकाखाली जायचा. पण गेल्या गॅदरिंगला निवेदन करणाऱ्या रत्नमालाचा घसा ऐन वेळी बसला आणि बाईंनी समोर दिसली तिच्या हातात माइक दिला. ती मी होते. पहिलं वाक्य मी डोळे मिटून बोलले. दुसऱ्याला लोक हसले, म्हणजे चांगलं हसले, आणि तिसऱ्यापासून आजतागायत माझं तोंड बंद झालेलं नाही. अम्मी मधूनमधून विचारते, तो माइक शाळेला परत दिलास ना नक्की?

सकाळी दिलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट दुपारी आले आणि संध्याकाळी आम्ही तिघं रिक्षात बसलो. मी मध्ये. नाना दर सिग्नलला माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवत होते.

"काय खुसूरफुसूर चाललीय?" अम्मीनं विचारलं.

"काय नाय," नाना म्हणाले. "लाइबाचे दात दुखतात. बोलू नको म्हणतो तिला."

"हिचे? हिचे दात दुखायला तोंड तरी बंद ठेवते का ही."

मॅडमनी रिपोर्ट पाहिले आणि चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. क्रिएटिनिन परत चढलं होतं. रक्तही कमी झालं होतं. पट्टीवर प्रोटीन पुन्हा नाही.

"अनिसाताई, आता थांबता येणार नाही," त्या अम्मीला म्हणाल्या. "हाताची नस बघून ठेवावी लागेल, डायलिसिससाठी. आणि चाचा, तुकडा काढायचं तुम्ही हो म्हणा."

"नक्को, बेटी."

अम्मीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. गुंडाळायची, सोडायची. नाना माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या नजरेत ओठांवरचं बोट स्पष्ट दिसत होतं. मला ते बोट आवडतं. लहानपणी ह्याच बोटानं त्यांनी मला मसाला चाटवलाय.

"मॅडम," मी म्हणाले, "लघवीला फेस येतो."

"लाइबा," अम्मी म्हणाली.

"लई येतो. नाना डबी देण्याआधी चमच्यानं काढून टाकतात."

मॅडम थांबल्या. "कशानं?"

"आइस्क्रीमच्या चमच्यानं."

नाना वर पंख्याकडं बघायला लागले. अम्मीनं आधी डोळे मोठे केले, मग ओढणी तोंडाला लावली, आणि ती रडतेय का हसतेय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"चाचा, मुलगी म्हणते ते खरं?"

"व्हय," नाना पंख्याला म्हणाले.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. भट्टीची गर्मी अंगात बसली असंल म्हटलं. गर्मीनं झाग येतोच."

"पाणी ओतलं तरी राहतो?"

"राहतो. चिवट हाय."

मॅडमनी रिपोर्टवर बोट ठेवलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "इतका चिवट फेस म्हणजे प्रोटीन. पण पट्टी म्हणते प्रोटीन नाही." मग मान वर केली. "फेस काढल्यानं तपासणी बिघडली नाही, चाचा. पण फेस नाही म्हणालात आणि पट्टीही नाही म्हणाली, त्यामुळे मी दुसरीकडंच बघत बसले. ही पट्टी सगळी प्रोटीन ओळखत नाही. ती मुख्यतः एकच ओळखते, अल्ब्युमिन. दुसरं कुठलं गळत असलं तर तिला पत्ता लागत नाही."

नाना पंख्यावरून खाली आले.

"खुलताबादला एक दावत होती," ते म्हणाले. "दारावर मुलीचा चाचा उभा केलेला. तो फक्त आपल्या घरातल्यांना ओळखायचा. आतून मी विचारतो, माणसं किती आली? तो म्हणतो, अजून कुणी आलंच नाय. अन् इकडं माझी अर्धी देग रिकामी."

"अगदी तेच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं कोण जेवून जातंय ते बघूया. आत्ता परत लघवी द्याल? आणि चाचा, झाग राहू द्या."

दवाखान्याच्या मागं त्यांची छोटी लॅब होती. तिथं मॅडमनी आधी पट्टी बुडवून दाखवली. तिचा रंग जेमतेम बदलला. मग त्यांनी थोडी लघवी काचेच्या नळीत घेतली, कसलेसे थेंब टाकले, आणि नळी पाण्याच्या भांड्यात उभी करून खाली आच लावली.

"ही जुनी पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "आता मशीनवर पक्की तपासणी होते, रक्त तिकडं पाठवणारच आहे. पण तुम्ही चुलीपाशी आयुष्य काढलंय, म्हणून तुम्हाला दाखवते. अंड्याचा पांढरा बलक तापवला तर काय होतं?"

"बसतो. घट्ट होतो."

"आणखी तापवला तर?"

"रबर होतो."

पाणी गरम व्हायला लागलं. नाना हात मागं बांधून वाकले, देगेवर वाकतात तसे. बाकी कुणी दिसेना त्यांना. नळीतलं पिवळं पाणी हळूहळू धूसर झालं, मग ताकासारखं पांढरं.

"फाटलं," नाना म्हणाले.

"आता उकळू द्या."

पाण्याला उकळी आली. आणि नळीतलं पांढरं कमी व्हायला लागलं. आधी वरून, मग मधून. बघता बघता परत स्वच्छ पिवळं. मी नळीच्या मागं बोट धरून पाहिलं, बोट आरपार दिसत होतं.

नाना नळीशी आणखी वाकले. मग म्हणाले, "आच कमी कर." वासिफ मामूला सांगावं तसं, चक्क डॉक्टरांना. मॅडमनी मुकाट्यानं आच कमी केली. पाणी निवत गेलं तसं पांढरं परत आलं.

"परत एकदा," नाना म्हणाले.

परत एकदा झालं. तेच.

"फाटलेलं दूध जुळत नाय," नाना सावकाश म्हणाले. "बसलेलं अंडं उठत नाय. जमलेलं आगीतच विरघळताना मी आज पाहिलं. ही चीज आपल्या ओळखीतली नाय."

"नाहीच," मॅडम म्हणाल्या. "हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं, तिथं काही पेशी असतात. आजाराशी लढायचं प्रोटीन बनवणं हे त्यांचं काम. तुमच्या त्या पेशींतली एकच जात माजली असावी. ती एकाच साच्याचे अर्धवट तुकडे बनवत सुटलीय. तुकडे इतके बारीक की किडनीच्या गाळणीतून निसटतात, आणि पुढच्या नळ्यांत जाऊन बसतात."

"मोरी तुंबली म्हणा की."

"मोरी तुंबली. पाठदुखी, रक्त कमी होणं, हे सगळं त्यातलंच असू शकतं. पण ही नळी फक्त शंका दाखवते. खात्री करायला रक्त, आणि सुई."

अम्मी दाराला टेकून उभी होती. नानांनी रुमालात धरून नळी उचलली आणि उजेडात पाहिली.

"तुकडा किती मोठा काढता?"

"शेवईचा असतो ना, तेवढा. बोटाच्या पेराएवढा लांब."

"जाड शेवई का बारीक?"

"बारीक."

"शेवई चालंल," नाना म्हणाले.

परतीच्या रिक्षात ते माझ्याशी बोलले नाहीत. सिटी चौक आला तेव्हा अम्मीला म्हणाले, "हिला सांगू नको म्हटलं होतं मी."

"मग?"

"मग काय. दात दुखत नव्हते हिचे."

शेवई निघाली. रक्तही मशीनवरून आलं. त्या अर्धवट तुकड्यांची एक जात रक्तात भलतीच वाढलेली होती, आणि किडनीच्या नळ्यांत तेच बसलेलं होतं. हाडातून थोडं पाणी काढून तपासलं, तेव्हा आजाराचं पूर्ण नाव कळलं. रक्ताच्या डॉक्टरांनी ते सांगितलं आणि त्याबरोबर एक शब्द सांगितला जो आमच्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. कॅन्सर. अम्मी जिन्यात बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि त्या दिवशी खरंच मला काही बोलता आलं नाही, माइक असता तरी.

नाना दोन पायऱ्या खाली उभे होते. "उठ अनिसा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हटला की औषध हाय. नसतं तर बसलो असतो मीबी."

औषध होतं. आठवड्याला पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या. मॅडमनी आणि रक्ताच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आजार मुळापासून जाईल असं नाही, पण ताब्यात राहू शकतो, आणि तुकडे बनणं थांबलं तर किडनी सावरायची आशा आहे. मी मॅडमना विचारलं, मी सांगितलं नसतं तर? त्या म्हणाल्या, "पाठ आणि रक्त बघून माझ्या डोक्यात हे आधीच यायला हवं होतं. मी गोळ्यांच्या मागं लागले. आज ना उद्या पोचले असते. पण किडनीच्या बाबतीत उद्या महाग पडतो." मग चष्मा डोक्यावर सरकवला. मला एवढं बरं वाटलं त्या चष्म्याकडं बघून.

पहिले काही आठवडे नानांनी आम्हाला छळलं. खिचडीला नावं ठेवली, बिनमिठाच्या भाजीला "हा काय कैदेतला खाना" म्हणाले, एकदा मामूवर चप्पल उगारली आणि दम लागून खाली बसले. पण क्रिएटिनिन चढायचं थांबलं. मग एका रिपोर्टात उतरलं, थोडंसंच. पुढच्यात आणखी. हाताची नस बघायचा विषय मॅडमनी परत काढला नाही. आता नाना लॅबमध्ये डबी देताना स्वतः उजेडात धरून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, काढलेला नाय हां. आहे तेवढाच हाय." लॅबवाले आधी लाजायचे. आता तेही डबी धरून बघतात.

थंडी पडली तेव्हा एक दिवस नाना सकाळी उठून म्हणाले, चव लागायला लागली. लगेच परसात छोटी देग चढवायचा हुकूम निघाला. डॉक्टर मॅडमना खलिया पाठवायचा होता. त्या मटण खातात का हे मी आधी फोन करून विचारलं. खातात, आणि नान जास्त पाठवा म्हणाल्या. मामू खुलताबादला एका दावतीला गेलेला. नानांना आगीपाशी उभं राहायची मनाई. मग उरलं कोण?

"तू?" नाना प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हणाले. "बोलता बोलता देग जाळशील."

"नाही बोलणार."

"अम्मीला बोलव, साक्षीदार पाहिजे."

मटण पडलं. पहिली उकळी आली आणि कडेनं करडा फेस गोळा व्हायला लागला. मी झारा हलक्या हातानं टेकवला, वरच्यावर, खाली न बुडवता. झाऱ्यात फेस आला तसा मी तो मोरीकडं वळवला.

"थांब," नाना म्हणाले. "आधी दाखव, मग टाक."

मी झारा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी डोळे बारीक केले, वाकले, फुंकर मारली. बुडबुडे फुटले, विरले.

"साधा हाय," ते म्हणाले. "टाक."

मी तो मोरीत झटकला आणि देगेकडं वळले. परत फेस जमायला लागला होता. माझा फोन वाजला. अम्मीनं काहीतरी विचारलं. दारात कुणीतरी आलं, सलाम घातला. त्या वेळी खुद्द नवरदेव आला असता तरी मी मान वर केली नसती.